वस्ती वसलेली असेपर्यंत

उन्हाळा आला की काही माणसांना चेव येतो. आमच्या लॅबमधल्या कुलकर्णीबाई एप्रिल उजाडला की ग्रुपवर बहाव्याचे फोटो टाकायला लागतात. खाली लिहितात, 'सृष्टीचा सोनेरी साज'. मग बाकीच्यांचे जोडलेले हात, फुलं, 'वा ताई'. मी अंगठासुद्धा देत नाही. मी मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळपासून लोकांचं रक्त काढते. उन्हाळ्यात माणसं पाणी कमी पितात, शिरा सापडत नाहीत, आणि दोनदा टोचलं की माझ्याच अंगावर ओरडतात. त्यामुळे मला उन्हाळ्याचं कौतुक कोणी सांगायला येऊ नये.

परवा सोसायटीच्या फळ्यावर पाणीकपातीची नोटीस लागली. झालं! जिन्यात, लिफ्टमध्ये, कचऱ्याच्या डब्यापाशी, एकच रडगाणं. चौथ्या मजल्यावरचे शहाकाका मला म्हणाले, "वंदनाबेन, आता दिवसातून एकच टाइम पाणी. माणसाने जगायचं कसं?" त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांमधून तेव्हा पाणी ठिबकत होतं, खाली माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर. मी म्हटलं, "काका, जगतात माणसं. सवय होते." ते जरा दचकले. माझा आवाज चढला होता, हे मला घरात आल्यावर कळलं.

तो आवाज आजचा नव्हता. तो काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्याचा. लोकांच्या घरात दहावीचा उन्हाळा असतो, बारशाचा असतो, लॉकडाऊनचा असतो. आमच्याकडे परवान्याचा उन्हाळा आहे. अजूनही कोणी म्हणालं, 'ते फ्रिजचं हँडल कधी तुटलं गं?' की आम्ही म्हणतो, परवान्याच्या उन्हाळ्यात. मीच तोडलं होतं, आपटून.

एक नदी आहे. तिचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की कोणती कंपनी, कोण साहेब, अशा चौकशा सुरू होतात, आणि मला भांडायचंय, कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. ही नदी मुळात पूर्वेला वाहायची. घाटमाथ्यावर तिला अडवलं, तलाव केला, आणि डोंगरातून मोठमोठ्या पाइपांनी तिला पश्चिमेला खाली कोकणात उतरवलं. उतारावर एकाखाली एक तीन वीजघरं. वीज मुंबईला, आणि वीज करून झालेलं पाणी कोकणातल्या नदीला. सगळं जुनंपुराणं, माझी आई परकर घालायची तेव्हाचं. अशी वीजघरं चालवायला सरकारचा परवाना लागतो, त्या परवान्याला मुदत असते आणि मुदत संपली की तो पुन्हा घ्यावा लागतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, धरण बांधलं की बांधलं.

आईचं माहेर वर, तलावाच्या काठी. काठी म्हणजे आधी ते तळाशी होतं. गाव बुडालं तेव्हा ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना लांब कुठेतरी जमिनी मिळाल्या. आमच्या लोकांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यामुळे आमचं काही बुडालंच नाही असं ठरलं. ते आपले वासे-भांडी डोक्यावर घेऊन डोंगराच्या वरच्या अंगाला चढले आणि तिथेच राहिले. तिला नुसतं वस्ती म्हणतात, वेगळं नावसुद्धा कोणी ठेवलं नाही. दारात उभं राहिलं की समोर नजर पोचेल तिथवर पाणी. आणि प्यायला टँकर! तलावाला कुंपण आहे, खाली उतरलं की गार्ड शिट्टी मारतो. मी लहानपणी सुट्टीत तिकडे जायचे तेव्हा मला वाटायचं, ते पाणी खारं असेल, म्हणून कोणी पीत नाही. समुद्राजवळची मुलगी, आणखी काय वाटणार! मामाला विचारलं तर तो म्हणाला, "ग्वाड हाय की. पर ते आपलं न्हाय."

आणि सासर खाली, कोकणात, त्याच नदीच्या काठावर. तिथे मे महिन्यातसुद्धा नदी खळखळ वाहते. वालाचे मळे, नारळी, काकड्या, कपडे धुणाऱ्या बाया, पाण्यात डुंबणारी म्हसरं. लग्न होऊन पहिल्यांदा गेले तेव्हा मी त्या नदीकडे बघून गप्पच झाले. सगळ्यांना वाटलं, नवी सून लाजते आहे. लग्न ठरवताना दोन्हीकडच्यांनी सगळं पाहिलं होतं. मुलाची नोकरी, मुलीची उंची, पत्रिका बघायचा प्रश्न नव्हता, कारण दोन्हीकडचे बौद्ध. घाटकोपरच्या विहारात चहापोहे झाले, दोन्हीकडून 'जय भीम' झालं, सगळं कसं झकास जुळलं. पाणी कुठून कुठे जातं ते मात्र कोणी विचारलं नाही. बावळट सगळे, मीसुद्धा.

माझी आई घाटकोपरला राहते, बाबा गेल्यापासून एकटी. तिच्या खोलीत पाहुणा आला तरी एकच दिवा लागतो. लहानपणी मी अभ्यासाला बसले की ती मागून येऊन विचारायची, "वाचतीस का नुसती बसलीस? नुसती बसली असशील तर बंद कर. आपलं पाणी जळतंय ते." तिचं गणित सरळ होतं. मुंबईत बटण दाबलं की वर तलाव उतरतो. तलाव उतरला की गावाकडचा टँकरसुद्धा लांबून येतो. म्हणजे बटण दाबणारा तो पापी. सणाला रोषणाई केलेली इमारत दिसली की ती तोंड फिरवायची.

आणि माझी सासू! मी तिला आत्या म्हणते, ती आमच्याकडेच असते. आत्याचं गणितही तेच, फक्त दुसऱ्या टोकाकडून. मुंबईत बटण दाबलं की नदीला पाणी येतं. आमच्या मुलुंडच्या घरात दिवाणखान्यात कोणी नसताना पंखा फिरतो, दिवसाढवळ्या ट्यूबलाइट जळते. एसी घेतला तेव्हा पहिल्या दिवशी तिने गावी फोन केला आणि माझ्या नणंदेला विचारलं, "बघ गो, पाणी वाढलं काय?" नणंदही काही कमी नाही. मधे कधी वीजघर बंद असलं, नदी उतरली, की तिचा फोन यायचा, "काय वहिनी, मुंबईत थंडी पडली काय? एसी लावा ना जरा, कपडे धुवायचे राहिलेत."

सुधीर, माझा नवरा, अंधेरीला एका इमारतीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. त्याने दोघींना बसवून समजावलं, की बायांनो, तो जमाना गेला, आता वीज कोळशाची येते, सौर येते, परराज्यातून येते, सगळी एकत्र होते, तुमच्या एका बटणाने ना तलाव उतरतो ना नदी चढते. दोघींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आई म्हणाली, "तसं कसं आसंल?" आणि आत्या म्हणाली, "ह्याला काय कळतंय!" जन्मात त्या दोघींचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं.

तोवर हे सगळं हसण्यावारी होतं. मी आईकडे गेले की दिवे घालवायचे, घरी आले की लावायचे. मग पेपरात ती नोटीस आली. तीन वीजघरांच्या परवान्याचं नूतनीकरण, हरकती आणि सूचना मागवल्या आहेत. किसनमामाने, आईच्या थोरल्या भावाने, मला फोन केला. वस्तीवर रेंज नाही, तो टेकडावर चढून बोलतो, त्यामुळे आधी धापा ऐकू येतात आणि मग माणूस.

"वंदे," तो म्हणाला, "परवाना तीस वर्सांचा असतो म्हणं. आत्ताच काय ते लिवून घ्यायचं. वस्तीला एक पाइप. म्या तीस वर्सांनी हरकत घ्यायला न्हाय यायचा."

एवढंच होतं बघा सगळं. एक पाइप. तलावातून वर वस्तीपर्यंत, आणि एक मोटर. धरण फोडा म्हटलं नव्हतं, जमीन मागितली नव्हती, गेलेल्या वर्षांचा जाब मागितला नव्हता. खरं तर मागायला हवा होता, असं मला वाटतं. मामा साधा होता म्हणून पाइपवर थांबला.

आणि तिकडे कोकणात कंपनीची माणसं गावोगाव फिरून गेली. ती काय बोलली ते नणंदेने फोनवर सांगितलं, की वरचे लोक पाणी मागतायत, त्यांना दिलं की परवाना अडकणार, वीजघरं बंद पडणार आणि नदी आटणार. वरचे लोक म्हणजे कोण? म्हणजे माझा मामा. म्हणजे गुडघे धरून टेकडावर चढणारा तो म्हातारा यांची नदी पिऊन टाकणार होता!

त्या उन्हाळ्याचा वास मला अजून येतो. वारा फिरला की कांजूरच्या कचऱ्याचा वास मुलुंडपर्यंत यायचा, म्हणून खिडक्या बंद, आणि बंद खिडक्यांच्या आत कैरीच्या लोणच्याचा मसाला, घाम आणि भांडण. आत्या लोणचं घालत होती. दरवर्षी मी फोडी करते आणि ती मसाला कालवते. त्या वर्षी तिने फोडीही स्वतःच केल्या. मी सुरी घ्यायला गेले तर म्हणाली, "राहू दे. तुझा हात आमच्या मिठाला नको." मी म्हटलं, "आत्या, वस्तीवर किती माणसं आहेत ठाऊक आहे का? ती सगळी मिळून पाणी किती पिणार?"

"आज वस्ती," ती म्हणाली, "उद्या गाव, परवा तालुका. एकदा नळ बसला की कोण बंद करतो? मी लहान होते तेव्हा आमची नदी शिमग्याला सुकायची. झरे खणून वाटीने पाणी भरलंय मी. तू नाय बघितलंस."

हे खोटं नव्हतं. हेच तर वाईट होतं. आत्यानेही वाटीने पाणी भरलेलं होतं. दोन्हीकडच्या बाया पाण्यासाठी तंगड्या तोडत वाढल्या, आणि आता एकीचा घास दुसरीच्या घशात अडकतोय अशी समजूत करून दिल्यावर त्या एकमेकींच्या झिंज्या उपटायला तयार होत्या. ज्याने दोघींची नदी पाइपात घातली तो आपला वातानुकूलित खोलीत बसून अहवाल लिहीत होता. मला आत्याचा राग येत होता, आणि तो चुकीच्या माणसावर निघतोय हे कळत असूनही मी तो काढतच होते. फ्रिजचं हँडल त्याच दिवशी गेलं.

सुधीर मधल्यामधे. तो माझ्यासमोर म्हणायचा, "मामांचं बरोबर आहे गं." आत्यासमोर म्हणायचा, "आई, नदी काही आटू देणार नाही आपण." मी त्याला विचारलं, "तू नक्की कुठल्या बाजूने बोलणार आहेस?" तर म्हणे, "वस्तुस्थिती मांडणार." मला या शब्दाची तेव्हापासून चीड आहे. वस्तुस्थिती मांडणारा माणूस नेहमी स्वतःच्या आईच्या बाजूला जाऊन बसतो.

सुनावणी अंधेरीला ठेवली होती. लोकांच्या सोयीसाठी, असं नोटिशीत लिहिलं होतं. घाटमाथ्यावरच्या लोकांना अंधेरी सोयीची, ही अक्कल कोणाची, देव जाणे. मामा आणि वस्तीवरची काही माणसं जीप, एसटी करत आदल्या दिवशी आईकडे येऊन उतरली. आईच्या एका खोलीत सगळे. तिने पिठलं-भाकरी केली. कोकणातल्या लोकांना मात्र कंपनीने बस पाठवली होती, आणि जेवणाचे डबे. आत्या त्या बसमध्ये नव्हती, आमच्याच घरातून रिक्षाने आली, पण हॉलमध्ये शिरल्यावर सरळ बसवाल्यांच्या बाजूला जाऊन बसली. मी मामाशेजारी. मग माझ्या लक्षात आलं, हीच ती माणसं. आमच्या लग्नातही अशीच बसली होती, डावीकडे मुलीकडची, उजवीकडे मुलाकडची. फक्त या वेळी मधे लाल गालिचा कंपनीच्या साहेबांसाठी होता.

एसी एवढा गार होता, की मामाने डोक्याचं मुंडासं सोडून अंगावर घेतलं. समोर पडद्यावर चित्रं. कंपनीची एक तरुण मुलगी बोलत होती, बोरीवलीची असावी, मराठी स्वच्छ, वागणं गोड. तिने दाखवलं, की यंत्रं जुनी असली तरी ठणठणीत आहेत, त्यांची तपासणी झाली आहे, पुढची तीस वर्षं ती आरामात चालतील. प्रत्येक यंत्राचा फोटो, प्रत्येकाची प्रकृती. मी मामाकडे पाहिलं. त्याचे गुडघे सुजले होते, दातांत फट होती, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. त्या गोड मुलीने वस्तीचा उल्लेख केला तो नकाशातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवून. "हे आपले लाभार्थी," ती म्हणाली. लाभार्थी! मला उठून तिच्या हातातलं ते लाल दिव्याचं पेन हिसकावून घ्यावंसं वाटलं.

सुधीरने वस्तुस्थिती मांडली. नदीवर किती शेती आहे, किती मळे, वीजघर बंद पडलं तर काय होईल. खरं बोलला, एक शब्द खोटा नाही. कंपनीच्या टेबलावरचा माणूस मान डोलावत लिहून घेत होता. स्थानिकांचा पाठिंबा म्हणून कंपनीने तेच पुढे वापरलं, आणि मी सुधीरला आजही ते ऐकवते.

मग मामाला बोलावलं. तो माइकपाशी गेला, माइक त्याच्यापेक्षा उंच. कोणी तो खाली केला नाही. तो टाचा उंच करून बोलला, "साहेब, आमास्नी नदी नको. हंडा पायजे." हॉलमध्ये थोडे लोक हसले. व्यासपीठावरचे साहेब म्हणाले, "आजोबा, मुद्द्यावर या." मामा म्हणाला, "ह्योच मुद्दा हाय."

मी हात वर केला. माझं नाव यादीत नव्हतं, तरी उभी राहिले, कारण एव्हाना माझं टाळकं सटकलं होतं. मी कंपनीच्या इंजिनिअरला एकच प्रश्न विचारला. वस्तीला पिण्यापुरतं पाणी दिलं तर कोकणातली नदी आटेल का? हो किंवा नाही सांगा. त्याने चष्मा काढला, पुसला, साहेबांकडे पाहिलं. म्हणाला, "तसं टेक्निकली नाही. फरक पडणार नाही. नगण्य आहे."

"मोठ्याने सांगा," मी म्हटलं, "त्या बाजूला ऐकू गेलं नाही."

तो मोठ्याने बोलला. आत्या पदराशी चाळा करत बसली होती. मला वाटलं, आता तरी ती उठेल. नाही उठली. जेवणाची वेळ झाली होती, कंपनीचे डबे वाटायला सुरुवात झाली होती. परतताना रिक्षात ती मला एवढंच म्हणाली, "नगण्य म्हणजे काय गो?" मी सांगितलं, मोजण्यात न येण्याइतकं थोडं. पवई येईपर्यंत ती तो शब्द तोंडात घोळवत बसली. मग म्हणाली, "मग द्यायला काय झालं मेल्यांना?" हे वाक्य तिने हॉलमध्ये म्हणायला हवं होतं. रिक्षात म्हणून काय उपयोग? मी तिला तसं तोंडावर सांगितलं.

पावसाळा उलटल्यावर निकाल लागला. परवाना मिळाला, पुरी तीस वर्षं. आमच्या सोसायटीत आत्याने पेढे नाही वाटले, तेवढी लाज राखली, पण नणंदेने गावातून नारळ पाठवले. आणि मामाचंही म्हणणं मान्य झालं होतं! सुधीरने मला वाचून दाखवलं. परवानाधारकाने, वस्ती वसलेली असेपर्यंत, परवान्याच्या मुदतीत, तिला पाण्याची सोय करून द्यावी. सुधीर म्हणाला, "बघ, झालं ना काम? उगाच डोक्यात राख घालून घेतेस."

मी ते पुन्हा वाचायला लावलं. परवान्याच्या मुदतीत. म्हणजे उद्या दिलं तरी मुदतीत, आणि तिसाव्या वर्षी शेवटच्या आठवड्यात दिलं तरी मुदतीतच. वस्ती वसलेली असेपर्यंत. म्हणजे तोवर माणसं तहानेने उठून गेली की सोय करायची गरजच नाही. कोणीतरी बसून, विचार करून, चहा पीत लिहिलेलं ते वाक्य होतं. मी मामाला फोनवर समजावून सांगितलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "म्हंजी कागदावर नळ माज्यासाटी, आन् पाणी माज्या नातवाच्या नातवाला."

तेव्हापासून आम्ही वाट बघतोय, आणि कंपनी घरं रिकामी व्हायची वाट बघतेय. तिची वाट आधी संपेल असं दिसतंय. आधी तरुण पोरं गेली, पुण्याला, पनवेलला. मग त्यांच्यामागून म्हातारी माणसं. एकेका दाराला कुलूप. दर उन्हाळ्यात कंपनीचा एक माणूस येतो, वस्तीचे फोटो काढतो आणि जातो. तो पाण्यासाठी येत नाही, कुलपं बघायला येतो. मामा दोन वर्षांपूर्वी एकटा उरला, तेव्हा आई म्हणाली, "दादाला आणते हिकडं. डोळ्याचं ऑपरेशन करू, नळाचं पाणी पिऊ दे त्याला दोन घोट सुखानं." मी जागा केली, आमच्याकडे मुलुंडला. आत्याने स्वतः गादी वाळत घातली, हे मी मुद्दाम लिहिते, कारण तिच्याबद्दल मी एवढं वाईट लिहिलंय. मामा आला नाही. म्हणाला, "म्या आलो की वस्ती उठली. मग त्येंचं सुटलं."

मग मला कळलं तो काय करतो ते. आई गेल्या वर्षी घाटकोपरच्या तिच्या इमारतीतल्या बायांकडून जुन्या साड्या, जुनी धोतरं, लहान मुलांची झबली गोळा करत होती. मला वाटलं, भांडीवालीला द्यायला. एक दिवस गाठोडं बघून मी विचारलं, तर म्हणाली, "दादाला धाडायचीत." आणि मग सगळं बाहेर आलं. मामा ते कपडे भिजवतो, तेवढ्या टँकरच्या पाण्यातलंच जरा पाणी घालून, आणि कुलूप लावलेल्या घरांसमोरच्या दोरीवर वाळत घालतो. आज या अंगणात, उद्या त्या. चार घरांपुढे झाडलोट करतो. एखाद्या ओट्यावर झबलं टाकून ठेवतो. फोटो काढायला माणूस आला की वस्तीत माणसं दिसली पाहिजेत. मोतीबिंदू झालेला माणूस, न जन्मलेल्या पोरांची झबली वाळत घालतोय! हे ऐकून मी रडले की ओरडले ते मला नीट आठवत नाही. बहुतेक ओरडलेच. आईच समोर होती, तिच्यावर.

या वर्षी गुढीपाडव्यानंतर आईचा फोन आला. म्हणाली, कुलपाच्या घरांचं त्या फोटोवाल्याला कळलंय. कोणीतरी सांगितलं. त्याने मामाला विचारलं, खरं राहतंय कोण? मामाने सांगितलं, मी राहतो. तो म्हणाला, "एका माणसाला वस्ती म्हणत नाहीत, बाबा."

"मग?" मी विचारलं.

"मग मी चालले," आई म्हणाली. "दोघं झाल्यावर म्हणाया लागंल."

मी तशीच लॅबमधून निघाले, घाटकोपर गाठलं. तिची पेटी भरून झाली होती. आम्ही भांडलो, किती ते विचारू नका. मी म्हटलं, तुला रक्तदाब आहे. ती म्हणाली, गोळ्या घेतल्यात. मी म्हटलं, तिथे डॉक्टर नाही. म्हणाली, ठाऊक आहे, मी वाढले तिथेच. मी म्हटलं, आई, अगं तीस वर्षं! तू नव्वदीच्या पुढे, शंभराच्या पुढे जाशील. म्हणाली, "मग त्यांनी लवकर द्यावं." मी तिचा हात धरला, तिने सोडवून घेतला. घर नीट झाडलं, गॅसचा कॉक बंद केला, किल्ली माझ्या हातात दिली. सुधीर गाडी घेऊन आला, तो आणि मी तिला सोडून आलो. राग आवरत नव्हता. तिचा राग, मामाचा, सुधीरचा, त्या गोड मुलीचा, चहा पीत वाक्य लिहिणाऱ्याचा, सगळ्यांचा.

आता रविवारी ती टेकडावर चढून फोन करते. आधी धापा. परवा फोन आला तेव्हा मी फळ्यावरची ती पाणीकपातीची नोटीस वाचून नुकतीच वर आले होते.

"आला होता," ती म्हणाली, "फोटूवाला. ऊन कडक होतं. मला म्हणतो, आजी, तुम्ही कायमच्या आलात का? म्हटलं, पाणी येईपर्यंत. म्हणतो, म्हणजे किती दिवस? म्हटलं, ते तुम्ही सांगा ना."

"मग काय म्हणाला?"

"काय म्हणणार? माझा फोटू काढला, दादाचा काढला. घाम पुसला. मग म्हणाला, आजी, प्यायला पाणी मिळंल का?"

"दिलंस?"

"दिलं की. तांब्याभर दिलं. दुसरा मागितला, तो पण दिला. तहानलेला होता गं."

टँकर तिकडे आठवड्यातून एकदा येतो. तिने स्वतःच्या हंड्यातलं दिलं. लोक म्हणतील, काय मोठ्या मनाची बाई. असेल. मी दिलं नसतं. मी त्याला दारात उभा करून समोरचा तलाव दाखवला असता आणि म्हटलं असतं, जा, तिकडे उतर आणि पी. गार्ड शिट्टी मारेल, ती ऐकून ये.